अंदमानला निघालेले आबा

कोल्हापुरात शिवाजी पेठेतले असोत की राजारामपुरीतले, अंदमानला निघालेले आबा बॅगेवरून ओळखावेत. 1911 साली सावरकरांना ज्या सेल्युलर जेलमध्ये नेलं, तिथं डोकं टेकवून यायचं, हे निमित्त पवित्र. पण बॅगेतला निम्मा ऐवज खाण्याचा. कांदा-लसूण मसाल्याची बरणी, भडंग, शेंगदाण्याची चटणी, आणि वर 'तिकडं मटणाचं काय?' ही चिंता. लोक आबांना बेफिकीर म्हणतात, ते मला पटत नाही. आबा काळजी भरपूर करतात. फक्त ती सगळी जिभेवरच खर्ची पडते. प्रवासात बहुतेकांना गाठणारं दुखणं पोटाचंच, हे डॉक्टरही सांगतात, तेव्हा आबांचा मोर्चा अगदीच चुकीच्या वाटेला नाही. पण पोट बिघडतं ते दूषित पाण्यानं आणि न धुतलेल्या हातांनी, आणि आबांची मोहीम आहे अळणी रश्श्याविरुद्ध. तिखटानं जंतू मरतात असं त्यांचं ठाम मत आहे. तसं असतं तर कोल्हापुरात ओआरएसची एक पुडी खपली नसती.

यावर कुणी म्हणेल, गडी तालमीतला आहे, गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायलेला, पंचगंगेत पोहायला शिकलेला. त्याला समुद्र काय करणार? मुद्दा वजनदार आहे. नदीत शिकलेला माणूस टाकीत शिकलेल्यापेक्षा सरस असतोच. पण नदीची ओढ प्रवाहाच्या दिशेनं, आणि काठ दोन्ही हातांना. समुद्रात लाटांनी किनाऱ्यावर लोटलेलं पाणी अरुंद पट्ट्यातून जोरात मागं फिरतं आणि माणसाला आत नेतं. त्यात सापडल्यावर किनाऱ्याला समांतर पोहत आधी पट्ट्याबाहेर पडायचं, मग किनाऱ्याकडे वळायचं. आबांना ही माघार वाटते. ते 'नाद करायचा नाय' म्हणत ओढीशी सरळ झुंजतात, आणि माणूस दमला की बुडतो. उन्हाचंही तेच. घड्याळ तिथंही आपलंच, पण सूर्य कोल्हापूरच्या सव्वा तास पुढं. आबांच्या नऊ वाजताच्या 'कोवळ्या' उन्हात सव्वादहाचा चटका असतो. रात्री कॉइल लावून ते निर्धास्त झोपतात, डेंग्यूचा डास मात्र दिवसा चावतो.

राहिली मगर. फलक दिसताच आबा म्हणणार, "मगरी सांगलीत ढिगानं हायत." कृष्णेत मगरी आहेत, हे खरं, पण त्या गोड्या पाण्यातल्या. अंदमानची खाऱ्या पाण्यातली जात पाच मीटरांच्याही वर वाढते. 2010 मध्ये हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, अशा मगरीनं एका परदेशी तरुणीचा जीव घेतला. पण फलकावर 'कृपया' लिहिलेलं असतं, आणि विनंती मान्य करणं न करणं आपल्या हातात, अशी आबांची समजूत. म्हणून त्यांना व्याख्यान देण्यात अर्थ नाही. सगळी काळजी जिथं साठली आहे तिथूनच शिरावं. ओआरएसच्या पुड्या काकूंनी मसाल्याच्या बरणीलाच बांधाव्यात, आणि भडंगाच्या पिशवीवर टोपी ठेवावी, म्हणजे मूठ भरायच्या आधी ती हाती लागेल. समुद्रातून बाहेर काढायची सोयही काकूंकडेच आहे. लाल बावट्याला न जुमानणारे आबा "सुरमई तळून झाली हो" एवढ्या हाकेवर समुद्र सोडून येतात.