बारा गिअर आणि एक वेताळ

डोंगरी सायकलिंगला ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा जागा मिळाली ती 1996 साली, अटलांटात. पुरुषांच्या शर्यतीत रौप्यपदक गेलं स्वित्झर्लंडच्या थॉमस फ्रिशक्नेख्तकडे. त्याचं कौतुक करायला हवं, पण त्याच्या दाराशी आल्प्स होते. सुवर्णपदक नेलं हॉलंडच्या बार्ट ब्रेंटयेन्सने, म्हणजे जिथली सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे त्या देशाच्या माणसाने. युरोपातल्या हॉलंडमधलं सर्वांत उंच ठिकाण व्हाल्सरबर्ग, उंची 322 मीटर. पुणे शहर मुळातच 560 मीटरच्या आसपास वसलेलं. म्हणजे पौड रोडच्या सिग्नलला स्कूटरवरून एक पाय टेकून उभा असलेला कुठलाही पुणेकर, काहीएक कष्ट न घेता, डचांच्या शिखराच्या दोनशेहून जास्त मीटर वर असतो. आणि डोक्यावर वेताळ टेकडी आहेच, जवळपास 800 मीटरची.

ही आकडेवारी कोथरूडच्या एका गृहस्थांच्या वाचनात आली आणि घात झाला.

गृहस्थ पन्नाशीला टेकलेले, विम्याच्या कचेरीत नोकरीला, पोट असायला हवं तिथे आणि हवं त्याहून थोडं जास्त. त्यांनी डोंगरी सायकल घेतली. जाड टायर, पुढे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, वजन चौदा किलो. सायकलची एक किंमत दुकानात दिली गेली आणि दुसरी घरी सांगितली गेली. त्या दोन आकड्यांमधला फरक हा इथे चर्चेचा विषय नाही. रविवारी पहाटे ते निघाले, तेव्हा घरातून नेहमीची चौकशी झाली.

"सोबत कोण आहे?"

"कोणी नाही. एकटाच जातोय."

"मग मोबाइल न्या. आणि डाव्या खिशात ठेवा. तुम्ही नेहमी उजवीकडे पडता."

एकट्याने डोंगरात सायकल हाकण्याची महती या छंदातली मंडळी फार सांगतात. मन शांत होतं, स्वतःशी बोलता येतं, वगैरे. ही मंडळी रविवारी सकाळी वेताळ टेकडीवर आलेली नसावीत. तिथे चालणारे असतात, पळणारे असतात, कुत्र्यांना फिरवणारे आणि कुत्र्यांनी फिरवलेले असतात, हातभर लांब लेन्स घेऊन एका चिमणीएवढ्या पक्ष्यासाठी श्वास रोखून बसलेले असतात. आणि यांतला प्रत्येक जण दुसऱ्याला चार शब्द सांगायला मोकळा असतो. पुण्यात ज्याला खरोखर एकांत हवा आहे, त्याने दुपारी एक ते चारमध्ये एखाद्या दुकानात जाऊन उभं राहावं.

पौड रोडकडून एआरएआयच्या रस्त्याने वर चढायचं, हा गृहस्थांचा बेत. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. देशातल्या गाड्या रस्त्यावर यायच्या लायकीच्या आहेत की नाहीत, याची परीक्षा करणारी ही संस्था बरोबर टेकडीवरच बसली आहे. तिच्या दारावरून रोज इतके धापा टाकणारे लोक जातात, पण त्यांची तपासणी करायची सोय तिथे नाही. असती तर गृहस्थ पहिल्या वळणालाच नापास होऊन खाली आले असते आणि पोहे गरम मिळाले असते.

चढाला गिअरचा प्रश्न आला. हल्लीच्या डोंगरी सायकलींना पुढे एकच चकती असते आणि मागे बाराची चळत. पूर्वी पुढे तीन आणि मागे सात असायच्या, गुणाकार करून एकवीस. एकवीसपैकी बरेचसे गिअर एकमेकांच्या अंगावरून जायचे, म्हणजे दोन वेगळ्या जोड्यांनी चाक जवळपास तेवढंच फिरायचं. आताच्या बारांत हलका गिअर पूर्वीहून हलका आणि जड गिअरही पुरेसा जड मिळतो. हे सगळं गृहस्थांना तोंडपाठ होतं. पण वरून उतरणाऱ्या एका आजोबांनी थांबवून "किती गिअर?" विचारलं, यांनी "बारा" सांगितलं, तेव्हा आजोबांच्या चेहऱ्यावर निखळ सहानुभूती उमटली. "असू दे," ते म्हणाले, "नातवाच्या सायकलला एकवीस आहेत, पण तो लहान आहे."

सर्वांत हलक्या गिअरचा हिशोबही सांगण्यासारखा आहे. पुढे 32 दात, मागे 51. एकोणतीस इंची चाकाचा घेर सव्वादोन मीटरच्या किंचित वर. पॅडल एकदा पूर्ण फिरवलं की सायकल जाते साधारण 1.4 मीटर. मिनिटाला साठ वेळा पाय फिरवले, आणि चढावर पन्नाशीचा माणूस याहून जास्त फिरवत नाही, तर वेग होतो ताशी पाच किलोमीटर. हाच वेग दोन मैत्रिणी भिशीचा विषय काढून चालत असल्या की त्यांचाही असतो. तशा दोघी गृहस्थांच्या डाव्या हाताला आल्या आणि बराच वेळ राहिल्या. त्यामुळे कोणाच्या सुनेने दिवाळीला काय आणलं, हे गृहस्थांना आता नको इतकं माहीत आहे. शेवटी त्या जरा भरभर चालल्या आणि पुढे निघून गेल्या.

डांबर संपलं, माती लागली. तिथे थांबून गृहस्थांनी टायरमधली हवा सोडली. हे अडाण्याचं काम वाटतं, पण नाही. डांबरावर टायर टणक हवा. दगडधोंड्यांत तो थोडा मऊ असला की दगडाच्या आकाराशी जुळवून घेतो, जमिनीला जास्त चिकटतो, उसळत नाही. पंचवीस पौंडांच्या आसपास पुरे होते. हवा फुस्स करत असतानाच मागून आवाज आला, "अहो, हवा जातेय तुमची!" गृहस्थांनी समजावून सांगितलं. ऐकणाऱ्याने मान डोलावली आणि चार पावलं पुढे जाऊन सोबत्याला म्हणाला, "पंक्चर आहे, मान्य करत नाहीये."

पुढची वाट पावसाने खणून काढलेली. मधोमध गुडघाभर घळ, कडेला सुटे दगड. सायकल चालवणं अशक्य झालं तेव्हा गृहस्थांनी ती उचलून खांद्यावर घेतली. चेनचं काळं वंगण आधी पोटरीवर उमटलं होतं, दातांच्या नक्षीसकट. आता मानेवरही आलं. तशा अवस्थेत ते वेताळाच्या देवळाच्या दिशेने निघाले, आणि त्यांना विक्रम राजाची आठवण न होती तरच नवल. खांद्यावर ओझं, वाट चढाची, आणि अट अशी की तोंड उघडायचं नाही. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी परत झाडावर. राजाला निदान प्रश्न विचारणारा एकच होता, आणि त्याचे प्रश्न न्याय, धर्म, त्याग असल्या विषयांवरचे असत. इथल्या वेताळांचे प्रश्न असे:

"केवढ्याला पडली?"

"ॲव्हरेज किती देते?"

"उचलूनच न्यायची होती तर घेतली कशाला?"

पहिल्या प्रश्नाला गृहस्थांनी घरी सांगितलेली किंमत सांगितली. कोथरूडात बातमी माणसाच्या आधी घरी पोचते. दुसऱ्याला ते हसले. तिसऱ्याचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं, म्हणून डोकं शाबूत राहिलं. "सायकलला परवानगी आहे का हो इथे?" असाही एक प्रश्न आला, पण त्यावर विचारणाऱ्यांचंच आपापसात जुंपलं आणि गृहस्थ हळूच सटकले.

वर पोचल्यावर मात्र टेकडी खरंच मोठ्या मनाची आहे. जुन्या खाणीच्या काठाशी उभं राहिलं की कापलेला काळा कातळ समोर दिसतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास लाव्हा थरांवर थर पसरत गेला, त्याची ही छेद घेतलेली बाजू. गिरिपुष्पाच्या झाडीतून एक मोर बाहेर आला. नोव्हेंबरातला मोर, म्हणजे पिसारा झडलेला. पावसाळा संपत आला की त्याची लांब पिसं गळतात आणि नवी यायला पुढचे काही महिने लागतात. मागून पाहिलं तर एखाद्या ऐटबाज कोंबड्याहून फार वेगळा नव्हता. पण चाल जुनीच. अंगावर काही उरलेलं नसताना तोरा कसा सांभाळायचा, हे पाहून गृहस्थांना जरा धीर आला. त्यांनी शर्ट खेचून पोट झाकलं आणि पंचवटीच्या बाजूचा उतार धरला.

उतार हाच या खेळाचा जन्मदाता. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला फेअरफॅक्स गावाजवळ काही पोरं जुन्या, वजनदार, 1930-40 च्या काळातल्या सायकली डोंगरावर नेऊन खाली सोडत. 21 ऑक्टोबर 1976 रोजी त्यांनी तिथे पहिली शर्यत लावली. साडेतीन किलोमीटरांहून कमी वाटेत जवळजवळ 400 मीटर खाली. त्या सायकलींना ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे, पॅडल उलटं दाबलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत तो इतका तापे की आतलं ग्रीस जळून धूर निघे, आणि दर वेळी हब उघडून नवं ग्रीस भरावं लागे. इंग्रजीत त्याला जे म्हणतात त्यावरून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. पहिली शर्यत ॲलन बाँड्सने जिंकली. बाकीचे पडले आणि तो पडला नाही, असं सांगतात. पुढच्या वर्षी त्यांच्यातल्याच जो ब्रीझने खास डोंगरासाठी सायकलचा सांगाडा बनवला आणि त्यातून आज जगभर चालणारा धंदा उभा राहिला. जिंकण्याची व्याख्या मात्र बाँड्सच्या वेळेला होती त्याहून फारशी पुढे सरकलेली नाही.

गृहस्थांच्या उताराला खाली घट्ट कातळ आणि वर सुटा मुरूम. चाक थांबलं तरी मुरूम थांबत नाही. अशा ठिकाणी सीटवरून उठायचं, बूड मागे न्यायचं, पुढचा ब्रेक एका बोटाने, बेताने, आणि नजर जिथे जायचंय तिथे ठेवायची. सगळ्यांत अवघड हेच शेवटचं. वाटेत एक टोकदार दगड होता. त्याच्या डावीकडे चांगली हातभर सपाट जागा होती, उजवीकडेही होती. गृहस्थांनी मात्र त्या दगडावरच डोळे लावले, आणि सायकल ही डोळ्यांची फार आज्ञाधारक असते. शेवटच्या क्षणी चारही बोटांनी पुढचा ब्रेक दाबला गेला. मागचं चाक उठलं. गृहस्थ उजवीकडे गेले.

पडल्यावर माणूस आधी हाडं मोजत नाही, आधी आजूबाजूला बघतो. कोणी नव्हतं. कोपर सोललं होतं, पँटला खिडकी पडली होती, मोबाइल डाव्या खिशात शाबूत होता. ही शेवटची गोष्ट घरी सांगायची की नाही, याचा निर्णय त्यांनी पुढे ढकलला.

मोज्यांत कुसळं घुसली होती. वाळलेल्या कुसळी गवताचं बी हातात घेऊन पाहावं असं असतं. टोकाला सुई, सुईवर मागे वळलेले बारीक केस, आणि वर पिळलेलं लांब शेपूट. हवेतला ओलावा कमीजास्त झाला की शेपूट पीळ सोडतं, पुन्हा पिळतं, आणि सुई गिरमिटासारखी जमिनीत उतरते. इथे जमिनीऐवजी गृहस्थांचा घोटा होता. मागे ओढलं तर केस अडकतात. काढायचं तर पुढे ढकलूनच काढावं लागतं. ते बसून एकेक काढत होते तेव्हा पुढच्या चाकातून बारीक सुस्कारा ऐकू आला. बाभळीचा काटा. त्यांनी काटा उपटला, सोबतची ट्यूब घातली, हातपंपाने घाम गाळून हवा भरली. बाभळीचे काटे जोडीने उगवतात. दुसरा टायरमध्येच होता.

पंचवटीपर्यंत सायकल हातात धरून, पाषाण रोडला फुटपाथवरच्या पंक्चरवाल्याकडे. त्याने पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून फिरवली, बुडबुड्यांवर बोट ठेवलं, कानसून सोल्युशन लावलं, फुंकर मारली. दहा मिनिटांत सगळं चोख. अडलं ते हवेपाशी. डोंगरी सायकलचा व्हॉल्व्ह पेन्सिलच्या शिसासारखा बारीक, टोकाला इवलासा नट. त्याने तो उलटसुलट पाहिला, डब्यातून बोंडाएवढा पितळी तुकडा शोधून काढला, वर बसवला आणि कॉम्प्रेसरची नळी हातात घेतली.

तेवढ्यात स्कूटरवरून एक टोपीवाले काका थांबले.

"खाणीच्या खालच्या उतारावर मघाशी पडला ते तुम्हीच ना? आम्ही वरून बघत होतो. चौघं जण होतो."

गृहस्थांनी हो म्हटलं.

"दगडाकडेच बघत होता हा माणूस," काका पंक्चरवाल्याला म्हणाले. "मी म्हटलं यांना, आदळणार. आणि दाबला कुठला, तर पुढचा!"

"पुढचा दाबल्यावर जाणारच," पंक्चरवाला म्हणाला. त्याने अंगठ्याने टायर दाबून पाहिला. "अजून घालू?"

"बास. पंचवीस पौंडच ठेवा," गृहस्थ म्हणाले.

दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे.

"भरा हो, फुल्ल भरा," काका म्हणाले. "हवा कमी होती म्हणूनच पडले ते." आणि पंक्चरवाल्याने साठ पौंड भरली.