यीस्टचे लाड

आमच्या ऑस्टिनच्या घरात उन्हाळ्यात माणसांसाठी एसी २६ वर असतो, कारण बिल. गराजमधल्या यीस्टला मात्र १९ अंश. त्यात जरा इकडेतिकडे झालं की नवऱ्याचा फोन वाजतो आणि तो भर रात्री चपला शोधत सुटतो. लेकीला ताप होता तेव्हा याच गृहस्थाने "औषध दे की" म्हणून कूस बदलली होती.

घरी बिअर करणं इथे कायदेशीर आहे. १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तशी सही केली. एकट्या माणसाला वर्षाला १०० गॅलन, दोघं किंवा जास्त प्रौढ असतील तर घराला २००. मी थेंबही घेत नाही, पण माझे १०० त्याने लग्नाच्या हक्काने स्वतःच्या खात्यात धरलेत.

अडचण अशी की यीस्ट साखर खाताना स्वतःही तापतं. त्यात टेक्सासचा जुलै. पिंप तापलं की बिअरला केळ्याचा नाहीतर थेट नेलपॉलिशचा वास मारतो. बव्हेरियात १५५३ साली यावर फर्मानच निघालं होतं: २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायचीच नाही. हा तोडगा मी सुचवून पाहिला. उत्तरादाखल त्याने कार्ल फॉन लिंडेचं चरित्र ऐकवलं. या लिंडेने १८७० च्या दशकात म्युनिकच्या श्पाटेन ब्रुअरीत शीतयंत्र बसवलं, आणि तेव्हापासून बायकांची बाजू लंगडी पडली.

मग जुना खिडकीतला एसी आला. पत्रा उघडला. आतली गार होणारी जाळी तांब्याच्या नळ्यांसकट हळूहळू वाकवत बाहेर काढायची आणि आइसबॉक्समध्ये बुडवायची. नळी पिचकली की गॅस उडाला, एसी भंगारात. मंगळसूत्र घालतानाही याचा हात इतका जपून चालला नव्हता. आइसबॉक्समध्ये दोन भाग पाणी, एक भाग ग्लायकॉल, तापमान उणे २. नुसतं पाणी असतं तर जाळीवर बर्फाचा थर चढला असता. तिथून पंप ते गार मिश्रण पिंपातल्या स्टीलच्या वेटोळ्यातून फिरवतो. एक कंट्रोलर आइसबॉक्सवर नजर ठेवतो, दुसरा बिअरवर, आणि नवरा दोघांवर.

अशात सासूबाई आल्या.

"काय रे आंबवतोयस?"

"जव, आई. पौष्टिक असतं."

"हो का? वास बिअरचा येतोय." मग पिंपाला हात लावून म्हणाल्या, "अरे, आंबायला ऊब लागते. थंडीत मी इडलीचं पीठ रजईत ठेवायचे, आणि तू त्याला गारठवतोस?"

त्याने त्यांना खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. ग्लायकॉलपाशी तर रंगलाच: गाडीच्या रेडिएटरमधला एथिलीन ग्लायकॉल विषारी, आपला प्रॉपिलीन, तो खाण्याच्या पदार्थांतसुद्धा चालतो. सासूबाईंनी मान डोलावली.

रविवारी मंडळाची माणसं जेवायला यायची होती. फ्रीज गच्च भरलेला. दुपारी नवऱ्याने आइसबॉक्सचं झाकण उचललं तर आत जाळीला टेकून श्रीखंडाचा स्टीलचा डबा.

"अगं आई! ग्लायकॉल आहे त्यात!"

"तूच म्हणालास ना, खायला चालतो म्हणून? आणि झाकण घट्ट बसवलंय मी. बंद कर ते, ऊन लागतंय श्रीखंडाला."