कंपनी फिटेड

जुन्या गाड्यांच्या शौकिनांना गाडीत बसून कुठेतरी जायचं असतं, अशी माझी बरीच वर्षं भाबडी समजूत होती. माझ्या मित्राने १९८२ची मर्सिडीज २४० डी घेतली, रविवारी सकाळी ती बघायला नाना आले आणि साडेतीन तासांत ती समजूत गेली. तेवढ्या वेळात गाडी पार्किंगमधून वीतभरही हलली नव्हती.

नानांचं आडनाव महत्त्वाचं नाही. दर शहरात एक नाना असतातच. पुण्यात पेठेगणिक असतात. हे बँकेतून निवृत्त झालेत. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात उकिडवे बसून भंगारातून जर्मन बल्ब वेचतात. ते लावायला स्वतःकडे गाडी नाही. होती, पण विकली. आधीच्या मालकाने तिचा डावा आरसा बदलला होता हे त्यांना सहा वर्षांनी कळलं. ती हकिकत सांगताना त्यांचा आवाज अजून कापतो. त्या रविवारी ते जुना बाजार बुडवून आले होते, यावरून प्रसंगाचं गांभीर्य लक्षात यावं.

बरोबर दोन शिष्य, एक टॉर्च, एक भिंग आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. मित्र हात जोडून पुढे झाला, तर नाना त्याला ओलांडून थेट मागच्या दाराच्या काचेपाशी गेले. काचेच्या कोपऱ्यात मुंगीएवढी अक्षरं होती. भिंग लावून त्यांनी ती वाचली. मग दुसरी काच, तिसरी, चौथी.

"सेकुरिट," ते म्हणाले. "चारही."

शिष्यांनी श्वास सोडला. मित्रानेही सोडला, का ते न कळता.

मग चुंबक फिरलं. पत्र्यात पुट्टी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही, म्हणून नाना प्रत्येक मडगार्डवर ते डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखं टेकवून डोळे मिटत. सगळीकडे चिकटलं. चाकांच्या टोप्या गाडीच्याच रंगाच्या निघाल्या, यावर दोन मिनिटं कोणी बोललं नाही. रंग जुन्या हस्तिदंतासारखा पिवळट पांढरा. "सहाशे तेवीस!" नाना म्हणाले. कारखान्यातला रंगाचा नंबर. आता मला न विचारता बोलायची खोड आहे. म्हटलं, "नाना, पश्चिम जर्मनीत १९७१ पासून टॅक्सीला हाच रंग सक्तीचा होता ना? म्हणजे तिकडचा माणूस हिला बघून हात करेल आणि 'स्टेशन' म्हणेल." नानांनी माझ्याकडे बघितलंच नाही. एका शिष्याने मात्र असं बघितलं, की मी चपला काढायला विसरलोय की काय, म्हणून मी खाली पाहिलं.

ही ज्या मालिकेतली, त्या मालिकेच्या १९७६ ते १९८६ या काळात जवळजवळ २७ लाख गाड्या निघाल्या. दुर्मिळ म्हणावी अशी ती वस्तू नव्हे. पण नानांच्या लेखी संख्येला अर्थ नसतो. त्या २७ लाखांतल्या किती गाड्यांना कुणाचा हात लागलेला नाही, एवढंच ते मोजतात. म्हणून गाडीची पत्रिका, म्हणजे कारखान्याने दिलेलं डेटा कार्ड, त्यांनी मागवलं आणि इंजिन नंबर जुळवला. छत्तीस गुण जमले.

वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा नानांनी मागच्या सीटला नाक लावलेलं होतं.

"घोडा," ते आतूनच म्हणाले.

"काय?"

"सीटच्या पॅडमध्ये घोड्याचे केस आहेत, वहिनी. काथ्या, केस आणि रबर. नंतर सगळ्यांनी फोम घातला. हा वास आता मिळत नाही."

वहिनी ट्रे घेऊन दोन पावलं मागे सरकल्या. इतके दिवस त्या वासाला त्या कोंदट म्हणत होत्या आणि अगरबत्ती लावत होत्या.

पण कळस झाला तो मागच्या काचेखाली. तिथल्या फळीत एक झाकण असतं, त्याखाली प्रथमोपचाराची पेटी. नानांनी झाकण दोन बोटांनी उचललं. आत मूळची पट्टी, मूळचा कापूस, कात्री, सगळं जर्मन वेष्टनात. १९८२ पासून कुणालाही काही लागलं नव्हतं, किंवा लागलं तरी त्याने सोसलं होतं. नानांचा चष्मा धुरकटला. सोसायटीचा वॉचमनसुद्धा उगाच उभा राहिला.

नानांचे दोन्ही गुडघे बदललेले आहेत, डोळ्यांत दोन लेन्स आहेत, वरचे दात कवळीचे. त्यांच्या घरच्या एकदा म्हणाल्या होत्या, "यांच्यात ओरिजिनल फक्त स्वभाव उरलाय. त्याचा पार्ट मिळत नाही."

मग बॉनेट उघडायला मिस्त्री आला. आकुर्डीचा माणूस, उमर साठीची. आत एकदा बघून म्हणाला, "हां, ट्रॅक्सचं मशीन."

शांतता पसरली.

त्याचं चुकलं नव्हतं. डाइमलर-बेंझकडून परवाना घेऊन हेच ओ. एम. ६१६ इंजिन बजाज टेम्पोने आपल्याकडे बनवलं, आणि ट्रॅक्समध्ये बसून त्याने सातारा-कराडकडे वडापची अख्खी हयात ओढली. आत सोळा माणसं, टपावर कोंबड्या. ७२ अश्वशक्तीची ही राजस मर्सिडीज म्हणजे त्या ट्रॅक्सची सख्खी मावशी.

"ट्रॅक्समध्ये हिचं मशीन," नाना दात आवळून म्हणाले. "बाप पोरासारखा दिसतो, असं म्हणतात का कधी?"

मिस्त्रीने चावी फिरवली, हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबला, स्टार्ट केली. इंजिन खडखडलं आणि लागलं. सगळे डोलले. पाच मिनिटांनी त्याने चावी बंद केली, काढली, खिशात घातली. इंजिन चालूच.

मित्राचा चेहरा पडला. नानांचा फुलला. "व्हॅक्यूम!" ते ओरडले. "ओरिजिनल फॉल्ट!"

या गाडीत इंजिन थांबतं ते हवा खेचून. त्याच हवेच्या नळ्या सगळ्या दारांच्या कुलपांपर्यंत गेलेल्या असतात. त्यामुळे मागच्या दारातला रबरी जोड फाटला की पुढचं इंजिन ऐकेनासं होतं. कोणत्याही एकत्र कुटुंबाला हे समजावून सांगावं लागू नये. मिस्त्रीने बॉनेटखालचा 'स्टॉप' लिहिलेला खटका दाबून इंजिन गप्प केलं, मागच्या दाराचा आतला पॅड काढला आणि नळी शोधता शोधता पत्र्याच्या धारेवर बोट कापून घेतलं. रक्त बऱ्यापैकी आलं.

मित्राचा हात आपोआप मागच्या फळीकडे गेला.

"अहो, काय करताय!" नाना मध्ये आडवे झाले. "सीलबंद आहे ते!"

"काका, बोट कापलंय."

"माहितीये. पण पट्टी वरच्या मेडिकलमध्ये पाच रुपयांना मिळते."

मिस्त्रीने शांतपणे हाताखालचं ऑइलचं फडकं बोटाला गुंडाळलं, फाटलेला रबरी जोड काढून पायाशी टाकला आणि ट्रॅक्सवाल्या दुकानातून आणलेली नळी कापून बसवली. इंजिन पुन्हा चालू केलं, चावी बंद केली. इंजिन थांबलं.

नाना खाली वाकले. बदललेले गुडघे कुरकुरले. तो चिरलेला, काळा, बोटाच्या पेराएवढा तुकडा त्यांनी उचलला, फुंकर मारली, भिंगाने त्यावरचे आकडे वाचले. मग मागचं दार उघडून त्यांनी फळीवरचं झाकण दोन बोटांनी उचललं आणि जर्मन कापूस हलक्या हाताने बाजूला सारून तो तुकडा पेटीत निजवला.