गिऱ्हाईक दोन चाकांचं

वरवे बुद्रुकला पुणे-सातारा हायवेलगतच्या हॉटेलांत पाहुणचाराला तोड नाही. फक्त पाहुणा चार चाकांवर यायला हवा. मोटार वळली की वॉचमन शिट्टी मारत धावतो, मागे घेताना ‘येऊ द्या, येऊ द्या’ करतो. स्कूटरवाला आला की तीच शिट्टी, पण सूर वेगळा: ‘ओ, तिकडं पलीकडं लावा!’ पलीकडं म्हणजे मुरुमात. तिथं स्टँड रुततो, म्हणून त्याखाली चपटा दगड शोधायचा, मग हात धुऊन मिसळ सांगायची. सायकलवाल्याला दगडही नको. त्यानं सायकल झाडाला टेकवावी आणि सारं लक्ष तिच्यावर ठेवून चहा प्यावा.

सायकलचं कौतुक नाही असं कोण म्हणेल? जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर या सायकल शर्यतीसाठी जिल्ह्यातले रस्ते गुळगुळीत झाले. जे सायकलस्वार कुठं चहाला थांबणार नव्हते, त्यांच्यासाठी केवढी सरबराई! जो रोज थांबतो, त्याच्यासाठी लोखंडी स्टँडसुद्धा नाही.

हायवेच्या टोलनाक्यावर दुचाकीला टोल नाही. ती सवलत हॉटेलांनी बहुधा ‘दुचाकीवाल्याच्या खिशात काही नाही’ अशी वाचली असावी. पण हिशेब सोपा आहे. अडीच बाय पाच मीटरच्या जागेत मोटार एकच मावते, स्कूटर सहा. मोटारीतून उतरलेले चौघं एक थाळी वाटून खातील. सहा स्कूटरवाले किमान सहा मिसळी संपवतील. वर जादा पाव मागतील, तो फायदा वेगळाच.