कोडावरून भामटा ओळखा : इयत्ता पहिली

ज्यांना फोन उचलता येतो पण ठेवता येत नाही, अशा सर्वांसाठी हा अभ्यासक्रम आहे. साहित्य फारसे लागत नाही. एक मोबाईल, वाचायचा चष्मा आणि घरात एक संशयी माणूस, शक्यतो आत्या. बँकेत चार पैसे असले तर उत्तम. नसले तरी फोन येतोच, या धंद्यात गरीब-श्रीमंत भेद पाळत नाहीत.

सुरुवात सोप्यापासून. ०२२ मुंबई, ०२० पुणे, ०७१२ नागपूर, ०२३१ कोल्हापूर, ०८३२ गोवा. एसटीडी बूथच्या काचेवर चिकटवलेला तक्ता वाचत रांगेत उभी राहिलेली पिढी हे कोड अजून झोपेतही सांगते. नियम असा : फोनवर ०२० दिसले की पलीकडे पुण्यातला माणूस आहे असे समजावे. नियम वहीत उतरवून झाला असेल तर आता खोडावा. इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला तुमच्या पडद्यावर कोणता क्रमांक उमटवायचा ते ठरवता येते. परदेशातून निघून भारतीय क्रमांकाचा मुखवटा चढवून येणारे फोन अडवणारी यंत्रणा सरकारने २२ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू केली. पहिल्या चोवीस तासांतच तिने असे १.३५ कोटी फोन अडवले. त्या दिवशी बाहेरून भारतीय क्रमांक दाखवत आलेल्या फोनांपैकी हे ९० टक्के होते.

मोबाईल क्रमांकाच्या सुरुवातीच्या आकड्यांवरून सर्कल कळते, असे काही जाणकार सांगतील. एके काळी कळायचे. ३ जुलै २०१५ पासून क्रमांक न बदलता देशभर कुठेही कंपनी बदलता येते, त्यामुळे तो शोधही निकालात निघाला. शिवाय दूरसंचार खात्याच्या नकाशात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा आहे आणि मुंबई नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी लाठ्या खाल्लेल्यांना हे कुणी सांगू नये.

पुढचा पाठ परदेशाचा, इथे चष्मा लावा. +९१ आपला, +९२ पाकिस्तानचा. केबीसीची पंचवीस लाखांची लॉटरी लागल्याचे निरोप वर्षानुवर्षे +९२ वरून येत होते. कार्यक्रम मुंबईत, बक्षीस रुपयांत आणि कारकून सरहद्दीपलीकडे, तरी माणसे 'प्रोसेसिंग फी' भरत राहिली. २०२३ मध्ये व्हॉट्सॲपवर जगाचा नकाशाच उघडला : व्हिएतनाम +८४, इंडोनेशिया +६२, मलेशिया +६०, केनिया +२५४, इथिओपिया +२५१. उत्साही विद्यार्थी लगेच विचारतात, केनियातला माणूस इतकी चांगली हिंदी कशी बोलतो? तो केनियात असेलच असे नाही. व्हॉट्सॲपचे खाते उघडताना त्या क्रमांकावर आलेला कोड एकदा टाकला की काम झाले, पुढे तो माणूस कुठूनही बोलू शकतो. अनोळखी देशातून एकच घंटी वाजून फोन बंद झाला तर कुतूहल आवरा. उलटा फोन लावलात तर मिनिटाला जबर दर लागतो आणि त्यातला वाटा घंटी वाजवणाऱ्याला जातो.

भूगोलाच्या पेपरात जामतारा हमखास येते, म्हणून थोडे सविस्तर. झारखंडमधला हा जिल्हा बनावट बँक-फोनांमुळे इतका गाजला की त्याच्या नावाची वेबमालिका निघाली. याच जिल्ह्यातल्या करमाटांडला ईश्वरचंद्र विद्यासागर उतारवयात जाऊन राहिले. तिथे संथाळांसाठी त्यांनी शाळा चालवली, फुकट होमिओपॅथीची औषधे वाटली. तिथल्या रेल्वे स्टेशनला आज त्यांचेच नाव आहे. बंगालला अक्षरओळख करून देणारे 'वर्णपरिचय' हे १८५५ चे पुस्तक त्यांचे, आणि 'सर, आपके कार्ड का सोला अंकों का नंबर बोलिए' हा धडा ज्या गावांतून घोकला गेला त्यांत करमाटांडचेही नाव घेतले जाते. मात्र जामताराचा एसटीडी कोड पाठ करून काही उपयोग नाही. तिथल्या पोरांच्या हातातली सिम कार्डे बहुधा भलत्याच राज्यातली, भलत्याच माणसाच्या नावावरची असत.

आणि सगळेच फोन मजेत लावलेले नसतात. थायलंडमध्ये संगणकावरची नोकरी देतो म्हणून नेलेली आपल्याकडची मुले म्यानमारच्या सीमेवरच्या तारकुंपणात डांबली गेली आणि त्यांच्याकडून मारहाणीच्या धाकाने हेच काम करवून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. त्यांनी लावलेल्या फोनांना कोणत्या देशाचा कोड द्यायचा, ते या पुस्तकात बसत नाही.

आता वरच्या गुणांचा प्रश्न : डिजिटल अटक. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधारवर कुणी खाते उघडलेय, फोन 'मुंबई पोलिसां'कडे जोडतो. मग व्हिडिओवर गणवेश, मागे बोधचिन्ह, आणि हुकूम : कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला सांगायचे नाही. डिजिटल अटक असा प्रकार आपल्या कायद्यात कुठेच नाही. पण कायदा बाजूला ठेवा, व्यवहार बघा. कोणत्या पोलिसाला एका माणसासाठी सलग नऊ तास मोकळे मिळतात? तोही तुम्हाला 'अहो-जाहो' करत, चहा प्यायची परवानगी देत? निवृत्त शिक्षक, डॉक्टर, बँकेतले साहेब यात अडकतात ते अडाणी असतात म्हणून नव्हे. आयुष्यभर कागदपत्रे नीट ठेवलेल्या माणसाला आपल्या नावावर गुन्हा ही कल्पनाच सोसत नाही. 'कुणाला सांगू नका' हे त्याला धमकीपेक्षा दिलाशासारखे वाटते. आत्या इथे कामाला येते. तिला सांगायचे नसते ती गोष्ट तिला हमखास कळते.

वीजबिलाचा धडा छोटा आहे. 'आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज कापली जाईल, खालच्या नंबरवर साहेबांशी बोला.' वीज जायची नेमकी वेळ आधी कळते आहे, इथेच महाराष्ट्रातल्या माणसाला शंका यायला हवी होती.

प्रामाणिकपणे सांगायचे तर अख्ख्या अभ्यासक्रमात फोन ओळखण्यासाठी पाठ करण्याजोगे आकडे दोनच आहेत. जाहिरातीचे फोन १४० ने सुरू व्हावेत आणि बँकांनी ग्राहकांना व्यवहारासंबंधी फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले. म्हणजे साध्या दहा आकडी मोबाईलवरून 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला पुढचे वाक्य बोलू द्यायची गरज नाही. १६०० वरून बोलणाऱ्यालाही ओटीपी सांगायचा नसतोच. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही, फक्त देण्यासाठी लागतो. जुना सोफा विकताना हे वाक्य सोफ्यावर चिकटवून ठेवा.

तरीही पैसे गेले तर लाजत बसू नका, सायबर तक्रारीचा १९३० लावा, लगेच. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, कारण पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चौथ्यात पळत असतात आणि मध्ये गाठले तरच थांबतात. बँकेचा किंवा मदतीचा नंबर इंटरनेटवर शोधू नका, तिथेही दुकाने मांडलेली आहेत.

इतके केल्यावर दुसऱ्या इयत्तेत प्रवेश आपोआप मिळतो. काही दिवसांनी 'सायबर शाखेतून' एका सज्जनाचा फोन येतो : तुमचे गेलेले पैसे सापडलेत, सोडवून देतो. कोड ०२२ असेल, ०११ असेल, काहीही असेल. या वर्गाचे शुल्क आगाऊ घेतात.