कापसातला गवई

मानवत रोड ते सेलू या पट्ट्यात रुळाच्या कडेला जी गावं आहेत, त्यांतल्या कुठल्याही गावात तो सापडतो. स्वतःला गायक म्हणवून घ्यायला लाजतो. "ऑडिशन पाठवायलोय," एवढंच सांगतो. फक्त हे तो बारमाही सांगतो.

ही साथ तशी जुनी. आधीच्या पिढीला आकाशवाणी परभणी होती. जायचं, गायचं आणि टपालाची वाट बघत बसायचं. पुढं २००८-०९ च्या 'लिटल चॅम्प्स'मध्ये लातूरचा रोहित राऊत शेवटच्या पाचांत पोचला आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या समस्त आयांना आपापल्या लेकराच्या रडण्यातही सूर ऐकू येऊ लागला. आता तर मोबाईलवर व्हिडिओ करून पाठवायचा. एक मुखडा, एक अंतरा, चेहरा दिसला पाहिजे, आवाजावर कलाकुसर नको. सगळं घरबसल्या. आणि घर हीच तर अडचण!

गाणं ठरवण्यातच त्याचा पावसाळा जातो. सुरुवात 'कट्यार काळजात घुसली'तल्या पदांनी होते. वसंतराव देशपांड्यांच्या ताना न्हाणीत बऱ्या जमतात; अंग पुसलं की जागा सापडत नाहीत. मग भावगीत, मग सिनेमातलं, आणि अखेर जनाबाईचा अभंग. गंगाखेड आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं नावं ठेवायला कुणी धजणार नाही, हा हिशेब. पट्टीचं मात्र शेवटपर्यंत ठरत नाही. सकाळी काळी एक, चहानंतर काळी दोन, दारात पोरं जमली की थेट काळी तीन.

गळ्याची निगा तर विचारू नका. दही बंद, खिशात ज्येष्ठमध, आणि परभणीच्या एप्रिलात मानेला मफलर. बोलणंही बंद. माय विचारते, "अर्धी भाकर वाढू का?" तर हा हात वर नेऊन तारसप्तक दाखवतो. माय दोन वाढते.

खरी अक्कल त्यानं खोली निवडण्यात दाखवली आहे. रिकाम्या खोलीत आवाज भिंतींवर आपटून माघारी येतो आणि घुमतो. पण भाव चढेल या आशेनं अण्णांनी ज्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरून ठेवलाय, तिथं तो शोषला जातो. स्टुडिओवाले ज्यासाठी भिंतींना पैसे मोजून गाद्या ठोकतात, ते इथं फुकट. तिथं हा उभा, एका कानात इयरफोन. तोही वायरचा, ब्लूटूथवर ट्रॅक कानात उशिरा पोचतो, हे ज्ञान त्यानं एक अख्खा हंगाम तालाच्या मागं पडून मिळवलंय. समोर धाकटी बहीण मोबाईल धरून. दार बंद, कूलर बंद. मुखड्याला घाम, अंतऱ्याला खाज. साठवलेल्या कापसाची खाज काय असते, ते ज्याच्या घरात कापूस आहे त्याला सांगायला नको. ऐकणाऱ्याला वाटतं पोरानं काय हरकत घेतली. पोरगं पाठ खाजवत असतं.

तेवढ्यात तपोवन एक्स्प्रेस. तिची वेळ त्याला तोंडपाठ आहे. तिच्यात बसून तो कधी कुठं गेला नसेल, पण तिला टाळून आजवर गात आलाय. ती लेट झाली की अंतरा बुडाला. ती गेली की कुकर, कुकर उतरला की लाईट जाते, लाईट आली की शेजारची म्हैस.

एखाद्या दिवशी सगळं जुळतं. म्हैससुद्धा गप्प. बहीण म्हणते, "दादा, हाच पाठव की. झ्याक झालाय." तो डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकतो. "दुसऱ्या ओळीतला गंधार बघ जरा. आणखी एक घेऊ." गंधाराचं निमित्त. पाठवलं तर निकाल येणार, आणि निकाल लागला की गावातलं 'ऑडिशनवाला' हे पद गेलं. नोकरी नसलेल्या पोराला असं बिनबदलीचं पद सहज मिळत नाही हो.

यंदा शेवटची तारीख जवळ आली आणि नेमका कापूस चढला. सकाळी अंगणात टेम्पो. अण्णा ओरडले, "ते तुझं यंत्र-बिंत्र उचल रे, मानवतला गाडी चाललीय." दुपारपर्यंत स्टुडिओ टेम्पोत भरून निघून गेला.

"आता रे दादा?" बहिणीनं विचारलं.

त्यानं रिकाम्या खोलीत एक षड्ज लावून पाहिला, मान हलवली. "खोली घुमायली. आता पुढच्या कापसाला." मग मफलर काढून खुंटीला अडकवला आणि मायला हाक मारली, "दही आहे का गं?"