तुळई कापायची नसते

गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत नव्या स्लॅबच्या घरामागे एक लाकडी मांडणी उभी असते. सागाचे खांब, जुन्या दारांच्या फळ्या, पायथ्याला दगड आणि माथ्यावर पत्र्याचा तुकडा. वर तुराट्या, फवारणीचा पंप, युरियाची रिकामी पोती आणि तळ गेलेली बादली. बाजूला साठीच्या घरातले तिचे कर्ते, वाकडे खिळे दगडावर ठोकून सरळ करीत बसलेले. सामानाला जागा नव्हती म्हणून गृहस्थांनी ही मांडणी उभारली, असे पाहुण्याला वाटते. पण प्रश्न सामानाचा कधीच नव्हता, लाकडाचा होता. टाकता येत नाही आणि नुसते ठेवले तर बायको बोलते, अशा लाकडाला कामावर रुजू करून घेण्याची सोय म्हणजे ही मांडणी. सामान नंतर येते, तेही बहुधा मांडणी रिकामी दिसू नये म्हणून.

या विधानाला आधार आहे तो घटनाक्रमाचा. मराठवाड्यातले जुने घर माळवदाचे. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर हातभर माती, आणि घराचे मोजमाप खणांत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि असली जड छपरे झोपलेल्या माणसांवर कोसळली, तेव्हापासून माळवदाखाली निजणाऱ्याची नजर आढ्याकडे जाऊ लागली. हाती पैसा आला तसे एकेक माळवद उतरले. माती उकिरड्यावर गेली, दगड नव्या घराच्या पायात गेला. लाकूड मात्र अंगणात उरले. म्हणजे लाकूड आधी, मांडणी मग आणि सामान शेवटी. मापांचा पुरावा तर याहून पक्का. मांडणीची लांबी जागेवरून ठरत नाही, सर्वांत लांब तुळईवरून ठरते. सुतार म्हणतो, “मालक, दीड फूट उडवतो, मग भिंतीला नीट बसंल.” मालक म्हणतात, “भिंत सरकंव.” नऊ फुटी तुळईसाठी मोरी हलते, तुळस हलते, प्रसंगी गेटही हलते. करवतीला फक्त खांबाची कुजलेली टोके मिळतात, आणि तीही “राहू द्या, लागंल कव्हातरी” असे म्हणून उचलून ठेवली जातात.

यावर पहिला आक्षेप चिक्कूपणाचा. तो हिशेबात टिकत नाही. सुताराची दोन दिवसांची मजुरी, नवे स्क्रू (सरळ केलेले खिळे सागात पुन्हा वाकतात म्हणून), वाळवीसाठी गॅरेजमधून आणलेले जळके ऑइल आणि मदतीला आलेल्या भाच्याचे चहापाणी, एवढ्या पैशांत परभणीच्या बाजारातून लोखंडी रॅक संध्याकाळच्या आत घरी आला असता. चिक्कू माणूस खर्च टाळतो. हे गृहस्थ फुकटची वस्तू वाया जाऊ नये म्हणून विकतच्या चार वस्तू आणतात.

दुसरा आक्षेप उपयोगाचा, आणि तो वजनदार आहे. मांडणी खरोखर शहाणपणाने केलेली असते. पाय थेट मातीत रोवले तर वाळवी चढते, म्हणून दगड. पाणी फळ्यांवर साचू नये म्हणून पत्र्याला मागे उतार, हवा खेळावी म्हणून फळ्यांत बोटभर फट. सागाचा पिवळसर बाहेरचा थर किडीला बळी पडतो, आतला तांबूस गाभा टिकतो, हे मालकांना नखाने टोचून कळते. आंघोळीच्या बंबाचे सरपण पावसाळ्यात कोरडे राहते आणि ते काढताना हाताला विंचू लागण्याची धास्तीही कमी होते. हे सगळे मान्य. पण उपयोगासाठीच मांडणी असती, तर चौकटीची कोरीव गणेशपट्टी युरियाच्या पोत्यांच्या वर, रस्त्यावरून दिसेल अशी कशाला बसवली असती? पोत्यांना विघ्नहर्त्याची गरज नसते.

मग ही पूर्वजांची माया, असे हळवे लोक म्हणतील. तेही पटत नाही. पणजोबांचे नाव विचारले तर गृहस्थ थोरल्या बहिणीला फोन लावतात, मात्र कोणता खांब कितव्या खणातला हे झोपेतही सांगतात. खरे कारण वाटणीत आहे. माळवद उतरले तेव्हा लाकूड भावाभावांत वाटले गेले, आणि धाकट्याकडे सरळ तुळया गेल्या हे गृहस्थ आजतागायत विसरलेले नाहीत. वाटणीला आलेली तुळई कापली तर भाऊ म्हणणार, “हेच्यासाठी भांडलास?” वखारीत विकली तर गाव म्हणणार, “भागत नाही वाटतं.” तेव्हा ती अखंड आणि चारचौघांना दिसेल अशी उभी ठेवणे भाग असते. सातबाऱ्यावर लाकडाची नोंद होत नाही, ती उणीव मांडणी भरून काढते. दुसरी मांडणी उभी राहिली की शंकेला जागाच उरत नाही, कारण ती पहिलीतून उरलेले तुकडे ठेवण्यासाठी असते.

स्लॅब पाडला की सळया भंगारवाला किलोवर नेतो आणि मागे नुसता राडा उरतो. त्यात वाटण्यासारखे काही नाही, म्हणून ही जात आता संपेल, असा सुशिक्षित अंदाज आहे. तो चुकेल. लाकूड हे निमित्त होते, ‘माझ्या वाट्याचे’ ही भावना मूळ. वडिलांच्या मांडणीला हसणाऱ्या चिरंजीवांनी ठिबकच्या जुन्या नळ्यांची वेटोळी आत्ताच गोठ्यात रचली आहेत. त्यांना हात लावून पाहा.